बिडाच्या चुऱ्यात चौदा महिने : आठ स्टेशनांच्या सर्व्हो टरेटचे परीक्षण

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचे लहानसे मशीन शॉप आहे. तेथील दोन सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथवर आसपासच्या फौंड्र्यांतून येणाऱ्या बिडाच्या कास्टिंगचे काम चालते. बेअरिंग हाउसिंग, पंपांची कव्हरे आणि फ्लँज हा त्यातला मोठा भाग. यांपैकी जुन्या लेथवरचा मूळ टरेट, म्हणजे हत्यारे धरून फिरणारा भाग, बारा वर्षे राबल्यानंतर स्टेशन (एकेका हत्याराची ठरलेली जागा) चुकवू लागला, त्याच्या आतल्या लॉकिंग रिंगचे आणि रोलरचे सुटे भाग मिळेनासे झाले आणि अखेर टरेटच बदलण्याची वेळ आली. नवा टरेट एका लहान कारखान्याने आमच्या लेथची मापे घेऊन, आमच्या कामाची चौकशी करून आणि मग स्वतंत्र आराखडा काढून बनवून दिला. बसवणूक, हायड्रॉलिकच्या नळ्या आणि पीएलसीतील (मशीनचे संकेत सांभाळणाऱ्या नियंत्रकातील) बदल धरून सगळा खर्च सुमारे पावणेपाच लाख रुपये झाला. कारखान्याचे नाव मी देत नाही, कारण तो प्रत्येक ग्राहकासाठी आराखड्यात फेरफार करतो आणि आमच्याकडे जे चुकले ते पुढच्या टरेटमध्ये चुकेलच असे नाही. मात्र टरेट विकत घेणाऱ्याने किंवा स्वतः बनवू पाहणाऱ्याने कोणत्या गोष्टी तपासाव्यात, हे या चौदा महिन्यांत आम्हाला बरेच पैसे आणि काही रात्री खर्चून कळले.

टरेट म्हणजे मूळ अर्थाने बुरूज. एकाच बुरुजावर अनेक हत्यारे मांडून, तो फिरवून हवे ते हत्यार जॉबसमोर, म्हणजे कापायच्या तुकड्यासमोर, आणायचे, ही कल्पना सीएनसीपेक्षा शंभराहून अधिक वर्षांनी जुनी आहे. अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या स्टीफन फिच याने १८४५ मध्ये पिस्तुलांसाठी लागणारे स्क्रू झपाट्याने करता यावेत म्हणून पहिला टरेट लेथ बनवला, असे मानले जाते. आज जर्मनीतील साउटर, इटलीतील बारुफाल्दी आणि डुप्लोमॅटिक, आपल्याकडे बंगळुरूची प्रगती ऑटोमेशन अशी या क्षेत्रातली परिचित नावे आहेत. आमचा टरेट यांपैकी कोणाचाही नाही. त्यांचे तयार टरेट आमच्या जुन्या लेथच्या क्रॉस स्लाइडवर (टरेटला आडवे सरकवणाऱ्या भागावर) बसवायचे, तर मध्ये जाड प्लेट घालून सेंटरची उंची जुळवावी लागली असती, आणि टूल जितके स्लाइडपासून लांब जाईल तितके ते कापताना डुलते, म्हणून तो मार्ग आम्ही सोडला.

प्रथम स्टेशनांच्या संख्येविषयी. विक्रेत्याचा पहिला प्रस्ताव बारा स्टेशनांचा होता आणि बारा हा आकडा कोणाही मालकाला आठापेक्षा मोहक वाटतो. परंतु आराखडा काढणाऱ्या अभियंत्याने आमच्या सर्वांत मोठ्या जॉबचे रेखाचित्र मागवले, त्यावर टरेटची तबकडी, जिच्या कडेला टूल बसतात, ठेवून दाखवली आणि आमचा मोह तेथेच उतरला. टूलचे टोक टरेटच्या अक्षापासून २०० मिलिमीटरवर धरले, तर आठ स्टेशनांच्या तबकडीत शेजारच्या दोन टोकांमधले सरळ अंतर सुमारे १५३ मिलिमीटर पडते. बारा स्टेशनांत तेच सुमारे १०३ मिलिमीटरवर येते. एका स्टेशनवर बाहेरचे टर्निंग चालू असताना शेजारच्या स्टेशनवरचा लांब बोरिंग बार (भोक आतून कापणाऱ्या टूलचा दांडा) चकच्या, म्हणजे जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीच्या, जबड्याला लागणार की नाही, हे या पन्नास मिलिमीटरांवर ठरते. बारा स्टेशने घेऊन त्यांतली चार आदळण्याच्या भीतीने रिकामी ठेवणारी मशीन शॉप मी स्वतः पाहिली आहेत. आमच्या कोणत्याही जॉबला सातपेक्षा अधिक टूल लागत नाहीत, त्यामुळे आठ स्टेशने हा निर्णय योग्य ठरला आणि त्याचे श्रेय निःसंशय त्या अभियंत्याला जाते.

टूल धरण्याच्या पद्धतीबाबतही त्याने आम्हाला स्वस्तातला पर्याय सुचवला, हे विशेष. व्हीडीआय पद्धतीत होल्डरचा दातेरी दांडा तबकडीच्या भोकात जातो आणि एकाच स्क्रूने तिथला दातेरी तुकडा ओढून तो आवळला जातो. त्यामुळे होल्डर क्षणात बदलता येतो, परंतु सगळी मदार एका दांड्यावर राहते. बीएमटी पद्धतीत होल्डरचा सपाट तळ चार बोल्टांनी तबकडीला बसतो आणि किल्ल्या त्याला सरळ ठेवतात, म्हणून फिरती टूल वापरणारे आणि जड काम करणारे तिला पसंती देतात. आमच्याकडे एकदा बसवलेला होल्डर आठ-दहा दिवस हलत नाही आणि फिरत्या टूलचे काम मुळीच नाही. म्हणून तबकडीतच २५ मिलिमीटरच्या चौकोनी दांड्यासाठी खाचा आणि ४० मिलिमीटरच्या बोरिंग होल्डरसाठी बैठका असलेली साधी पद्धत घेतली. टूल पाचरीने आवळले जाते. बदलायला अधिक वेळ लागतो हे खरे, पण मध्ये सांधे कमी असल्याने बिडाच्या कडक सालीतून पहिला कट घेताना जुन्या टरेटवर जी थरथर येत असे ती आता येत नाही.

आता टरेटच्या गाभ्याकडे, म्हणजे कपलिंगकडे येतो. तबकडी फिरवणे सोपे आहे. फिरवल्यानंतर ती प्रत्येक वेळी नेमक्या त्याच जागी आणि हलणार नाही अशी थांबवणे अवघड. यासाठी बहुतेक टरेटांत अक्षाभोवती समोरासमोर दाते असलेल्या कड्या असतात. जर्मन अभियंता अल्बर्ट हिर्थ याच्या नावाने ओळखले जाणारे हे दातेरी कपलिंग मुळात तुकड्यांनी जोडलेल्या क्रँकशाफ्टसाठी नावाजले. सगळे दाते एकाच वेळी एकमेकांत बसत असल्याने एखाद्या दात्याची लहानशी चूक इतरांच्या सरासरीत विरून जाते, आणि वापराने दाते घासून एकमेकांत अधिक चांगले बसू लागतात. आमच्या टरेटमध्ये ७२ दात्यांचे कपलिंग आहे. त्यामुळे प्रत्येक दाता ५ अंशांचा होतो आणि त्याच कपलिंगवर आठ स्टेशनांची किंवा बारा स्टेशनांची, कोणतीही तबकडी बसू शकते; उद्या काम बदलले तर केवळ तबकडी बदलावी लागेल.

येथे दोन कड्यांचा आणि तीन कड्यांचा असा मोठा फरक आहे, आणि माहितीपत्रकात तो बहुधा एका ओळीत उरकलेला असतो. दोन कड्यांच्या रचनेत दाते सुटावेत म्हणून अख्खी तबकडी पुढे सरकते, फिरते आणि पुन्हा मागे बसते. पुढे सरकलेल्या त्या क्षणी तबकडी आणि बॉडी यांच्यामध्ये फट पडते आणि कूलंटसोबत (कापताना सोडलेल्या थंड द्रवासोबत) चुरा आत जाण्यास वाट मिळते. तीन कड्यांच्या रचनेत एक कडे बॉडीला, दुसरे तबकडीला पक्के असते आणि तिसरे, दोघांनाही एकाच वेळी अडकवणारे कडे आतल्या आत मागे-पुढे सरकते. तबकडी जागची हलत नाही. बिडाचा चुरा पोलादाच्या चिप्सांसारखा लांब व गुंडाळलेला नसतो. तो पिठासारखा बारीक, काळा आणि घासणारा असतो, आणि कूलंटमध्ये मिसळला की त्याचे व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टपेक्षा वेगळे काही राहत नाही. अशा कामासाठी दोन कड्यांचा टरेट घेणे म्हणजे दार उघडे ठेवून घर झाडणे होय. आमच्यासाठी तीन कड्यांची रचना निवडली गेली, आणि तरीही पुढे जे घडले ते सीलबाबत लिहिताना येईलच.

अचूकतेविषयी टरेटच्या माहितीपत्रकांत कोनीय सेकंदांचे (एक सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आकडे दिलेले असतात आणि ग्राहक ते वाचून मान डोलावतो. या आकड्याचा अर्थ समजून घ्यायला एक साधा हिशेब पुरेसा आहे : २०० मिलिमीटर त्रिज्येवर एक सेकंद म्हणजे जवळजवळ एक मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग. आमच्या टरेटची सांगितलेली अचूकता अधिक-उणे चार सेकंद आहे, म्हणजे टोकाशी चार मायक्रॉन. आता गंमत अशी की लेथच्या स्पिंडलला (चक फिरवणाऱ्या मुख्य दांड्याला) समांतर अक्ष असलेल्या तबकडीच्या टरेटमध्ये ही चूक व्यासाच्या दिशेने जातच नाही. ती टूलच्या टोकाला सेंटरच्या वर किंवा खाली नेते. ४० मिलिमीटर व्यासाच्या जॉबवर टोक पन्नास मायक्रॉन वर गेले, तरी व्यासात मायक्रॉनच्या आठव्या भागाइतका फरक पडतो, म्हणजे मोजण्याजोगा काहीच नाही. जुन्या चार तोंडांच्या उभ्या अक्षाच्या टूल पोस्टमध्ये मात्र हीच चूक थेट एक्स (व्यासाच्या) किंवा झेड (लांबीच्या) दिशेत उतरते आणि एक्समध्ये आलेली चूक व्यासात दुप्पट होते. याचा अर्थ तबकडीच्या टरेटमध्ये कोनाची पर्वा करू नये असा नाही. ड्रिल, रीमर आणि टॅप यांना सेंटरपासूनचे प्रत्येक मायक्रॉन मोजावे लागते, कारण ते स्वतः फिरत नाहीत आणि जॉबच्या मध्यावर असायला हवेत. त्यामुळे टरेट तपासायचा असेल तर टर्निंग केलेल्या व्यासावरून तपासू नये; रीमरने केलेल्या होलचे तोंड मोजावे. होल तोंडाशी मोठे येत असेल तर टरेट कोठेतरी वळलेला आहे.

आमच्या टरेटवर हाच प्रसंग तिसऱ्या महिन्यात आला. नव्या ऑपरेटरने बोरिंग बारचा ऑफसेट (टूलच्या टोकाचे माप) भरताना वजा चिन्ह सोडले आणि होल्डर रॅपिडमध्ये, म्हणजे पूर्ण वेगाने सरकताना, चकच्या जबड्यावर आदळला. आवाज ऑफिसपर्यंत आला. तो मुलगा इतका घाबरला होता की बटण दाबून मशीन थांबवल्यावर दोन पावले मागे सरकून तसाच उभा राहिला; आमचे सेटर, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी त्याला आधी चहा प्यायला पाठवले. मग फेसिंगचा (जॉबचे तोंड सपाट करण्याचा) कट घेऊन पाहिला, तर जॉबच्या मध्यावर बारीक गाठ उरली होती, आणि चकमध्ये डायल (बारीक फरक दाखवणारे काट्याचे मापक) धरून बोरिंग होल्डरच्या भोकात फिरवली तेव्हा तबकडी आठ शतांश मिलिमीटरने वळलेली निघाली.

जुन्या टरेटवर अशी धडक झाली की सर्व्हिस इंजिनिअर यायचा, टेपर पिन काढायचा, तबकडी सैल करून लाकडी हातोड्याने ठोकत डायल जुळवायचा, आणि पुन्हा पिनचे भोक रीम करून वरच्या मापाची पिन मारायचा. दीड दिवस त्यात जात असे. नव्या टरेटमध्ये तबकडी आणि कपलिंग यांच्यामध्ये पक्की पिन नाहीच. आठ बोल्टांच्या आवळणीने निर्माण होणाऱ्या घर्षणावर ती धरलेली आहे, आणि मागे एक ठोकळा व त्याला दोन्ही बाजूंनी टेकणारे दोन स्क्रू दिलेले आहेत. कापण्याच्या बळाला ती आवळणी सहज पुरते, पण धडकेचे बळ त्याच्या कित्येक पट असल्याने तबकडी तेथेच घसरते आणि कपलिंगचे दाते व स्पिंडलचे बेअरिंग वाचतात. काकांनी बोल्ट अर्धवट सैल केले, एक स्क्रू मागे घेऊन दुसरा पुढे चालवत डायलचा काटा दोन मायक्रॉनच्या आत आणला, आणि बोल्ट समोरासमोरच्या जोडीने ठरलेल्या टॉर्कवर आवळले. एकूण चाळीस मिनिटे लागली. “साहेब, ज्यानं हे काढलंय त्यानं कधीतरी स्वतः टरेट ठोकलेला असणार,” असे काका म्हणाले. अभियंत्याला मी हे फोनवर कळवले तेव्हा तो केवळ हसला. नाकारले मात्र नाही. लेथवर धडक होणारच नाही असे गृहीत धरून काढलेला आराखडा मला अपुरा वाटतो, आणि या टरेटमधली मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट हीच आहे.

आवळण्याच्या व्यवस्थेत मात्र आम्ही अडखळलो, आणि त्यात कारखान्याच्या बसवणूक पथकाची चूक जितकी, तितकीच आमचीही होती. हा टरेट सर्व्हो मोटरने (हव्या त्या कोनावर नेमकी थांबणाऱ्या मोटरने) फिरतो आणि हायड्रॉलिक पिस्टनने आवळला जातो. लेथवर चकसाठी हायड्रॉलिक पॉवरपॅक आधीच असल्याने हे संयोजन सोयीचे होते. पिस्टनचा बाहेरचा व्यास १६० आणि आतला ८० मिलिमीटर आहे, म्हणजे ४० बार दाबाला सुमारे ६० किलोन्यूटन, साध्या भाषेत सहा टनांचे बळ कपलिंगवर येते. आमच्याकडचे सर्वांत जड काम म्हणजे यू-ड्रिलचे (बदलता येणाऱ्या पात्यांच्या मोठ्या ड्रिलचे); त्यात ४ किलोन्यूटन रेटा टरेटच्या अक्षापासून १४० मिलिमीटरवर आला, तरी तबकडीला कलवणारा मोमेंट ५६० न्यूटन-मीटर होतो आणि कपलिंग उघडू लागण्यासाठी याच्या पाच पटींहून अधिक लागेल. कागदावर ही राखीव ताकद भरपूर होती.

तरीही दुसऱ्या महिन्यात एका पातळ बेअरिंग हाउसिंगवर यू-ड्रिल किंचाळू लागले. इन्सर्ट (कापणारी पाती) बदलले, फीड (ड्रिल पुढे सरकण्याचा वेग) कमी केला, ड्रिल बदलून पाहिले. काही फरक नाही. जाड जॉबवर तेच ड्रिल शांतपणे चालत होते. दोन दिवसांनी कारण सापडले तेव्हा आम्ही कपाळाला हात लावला. पातळ हाउसिंग चकमध्ये दबून अंडाकृती होऊ नये म्हणून आम्ही चकचा दाब १२ बारपर्यंत उतरवतो, आणि बसवणूक करताना टरेटची नळी चकच्या दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या पुढून जोडलेली होती. चकचा दाब उतरवला की टरेटचाही उतरत होता, आणि सहा टनांचे बळ दोन टनांच्याही खाली येत होते. प्रेशर स्विच १० बारवर लावलेला असल्याने मशीन सगळे ठीक असल्याचे सांगत राही. नळी व्हॉल्व्हच्या अलीकडून घेतली, टरेटचा स्विच ३५ बारवर लावला आणि ड्रिल गप्प झाले. याच वेळी चकच्या नळीत चेक व्हॉल्व्हही (तेल एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवून घेतला, कारण टरेटचा पिस्टन सरकताना लाइनमधला दाब क्षणभर खाली जातो आणि त्या क्षणी फिरत्या चकची पकड ढिली पडणे कोणालाही परवडणारे नाही. हे सारे बसवणुकीच्या पुस्तिकेत एका आकृतीने सांगता आले असते. पुस्तिकेत टरेटची रंगीत छायाचित्रे सहा आहेत. हायड्रॉलिकची आकृती एकही नाही.

वेगाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण मला तो टरेटचा सर्वांत कमी महत्त्वाचा गुण वाटतो. माहितीपत्रकात शेजारच्या स्टेशनला ०.२५ सेकंद असे छापलेले आहे. तो केवळ फिरण्याचा वेळ आहे. मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करून मोजले, तेव्हा दाते सुटणे, फिरणे, पुन्हा बसणे आणि आवळल्याचा संकेत मिळणे हे सारे धरून शेजारच्या स्टेशनला साधारण ०.५५ सेकंद आणि समोरच्या स्टेशनला ०.९ सेकंद लागले. जुना टरेट या दोन्हींसाठी अनुक्रमे १.२ आणि २.१ सेकंद घेत असे. तीन मिनिटे दहा सेकंदांच्या आमच्या नेहमीच्या हाउसिंगवर सहा वेळा टूल बदलते, त्यात एकूण साडेचार सेकंद वाचले, म्हणजे दोन टक्क्यांहून थोडे अधिक. त्याहून जास्त बचत तर टूल बदलण्याची सुरक्षित जागा प्रोग्रॅममध्ये जॉबच्या जवळ आणल्याने झाली, आणि तिला एक पैसाही लागला नाही. सर्व्होचा खरा उपयोग असा की तो जवळच्या दिशेने फिरतो आणि मधल्या स्टेशनांवर न थबकता सलग जातो, त्यामुळे टूल बदलताना बसणारे हिसके बंद झाले. मात्र वजनाचा तोल सांभाळावा लागतो. जड बोरिंग होल्डर एकाच बाजूला मांडले तर मोटरला प्रत्येक फेरीत ते उचलावे लागतात. सुरुवातीला आम्ही तसेच मांडले होते आणि ओव्हरलोडचा अलार्म दोनदा आला. होल्डर एकाआड एक लावल्यावर तो पुन्हा आला नाही.

संकेतांची रचना चांगली आहे. कडे पुढे येऊन बसले हे प्रॉक्सिमिटी स्विच (धातू जवळ आला की संकेत देणारा) सांगतो आणि दाब पोहोचला हे प्रेशर स्विच सांगतो. दोन्ही आल्याशिवाय अक्ष हलत नाहीत. अनेक स्वस्त टरेटांत यांपैकी एकच असतो, आणि दात्यांमध्ये चिप अडकून कडे अर्धवट बसले असतानाही दाबाचा संकेत मिळून जातो. वीज गेल्यावर काय होते हेही आम्ही मुद्दाम मुख्य स्विच पाडून पाहिले : हायड्रॉलिक लाइनमधला चेक व्हॉल्व्ह दाब धरून ठेवतो, आणि दाब हळूहळू उतरला तरी आतल्या स्प्रिंगा कडे दात्यांतून बाहेर येऊ देत नाहीत. मोटरच्या एन्कोडरला (कोन मोजणाऱ्या भागाला) मात्र बॅटरी आहे. ती संपल्यावर वीज गेली तर टरेटला आपण कोणत्या स्टेशनवर आहोत हेच आठवणार नाही आणि सुरुवातीची जागा त्याला पुन्हा दाखवून द्यावी लागेल. आम्ही बॅटरी बदलण्याची तारीख कंट्रोल पॅनेलच्या दारावर रंगाने लिहून ठेवली आहे.

सर्वांत मोठी तक्रार सीलची आहे. तबकडी हलत नाही या भरवशावर आराखडा काढणाऱ्याने तबकडी आणि बॉडी यांच्यामध्ये एकच ओठाचे सील ठेवले, आणि तेही कूलंटच्या थेट माऱ्यासमोर. पोलादाच्या कामावर ते कदाचित वर्षानुवर्षे टिकले असते. आमच्याकडे सहा महिन्यांत, ऐन पावसाळ्यात, ‘टरेट अनक्लॅम्प झाला नाही’ असा अलार्म येऊ लागला. कधी सकाळी पहिल्याच टूलला, कधी दिवसभर मुळीच नाही. अशा येत्या-जात्या बिघाडाइतके त्रासदायक दुसरे काही नसते. मागचे झाकण उघडले तेव्हा प्रॉक्सिमिटी स्विचच्या जोडणीत पाणी होते आणि सीलच्या आतल्या बाजूला काळी, दाट पेस्ट साचलेली होती. सुदैवाने ती दात्यांपर्यंत पोहोचली नव्हती. सीलच्या ओठाखालच्या पोलादी पृष्ठभागावर नखाला लागेल अशी खाच मात्र पडली होती.

येथे मला आराखडा काढणाऱ्याचा रागही आला आणि त्याच्याबद्दल आदरही वाटला. राग यासाठी की त्या बॉडीत हवेचा दाब देण्यासाठी भोक पाडलेले होते आणि ते प्लगने बंद करून पाठवलेले होते. म्हणजे उपाय त्याला ठाऊक होता, पण चारशे रुपयांचा फिटिंगचा खर्च वाचवला गेला. आदर यासाठी की तक्रार केल्यावर तो तिसऱ्या दिवशी स्वतः आला, हात काळे करून त्याने सील बदलले, खाच पडलेल्या जागेवर झिजेला टिकणारी कडक स्लीव्ह (बाहीसारखे नळकांडे) बसवली, सीलच्या पुढे चुरा भिरकावून देणारे रबराचे व्ही-रिंग घातले आणि फिल्टर व रेग्युलेटर लावून पाव बार दाबाची कोरडी हवा आत सोडली. आतून बाहेर सतत हलका वारा वाहत असला की चुऱ्याला आत येण्याची उमेद राहत नाही. त्यानंतरच्या आठ महिन्यांत आम्ही दोनदा झाकण उघडून पाहिले. आत ग्रीसचा मूळ रंग कायम आहे. हवेचा खर्च कॉम्प्रेसरवर पडतो, हे खरे, पण तो सर्व्हिसच्या एका फेरीपेक्षा कमी आहे.

कूलंटची वाटही सुधारायला हवी. जे स्टेशन कामावर असेल त्यालाच कूलंट मिळावे म्हणून बॉडीतून स्प्रिंगने दाबलेली एक नळी तबकडीच्या मागच्या पृष्ठभागावर टेकते आणि स्टेशन समोर आले की भोक भोकाला मिळते. कल्पना जुनी व चांगली आहे. पण नळीच्या तोंडाचा ओ-रिंग (गळती रोखणारे रबरी कडे) प्रत्येक फिरण्यात तबकडीवर घासतो, आणि आमच्या कूलंटमधला बीड त्याला दोन महिन्यांत कुरतडून टाकतो. बदलण्यासाठी कूलंटची टाकी बाजूला सरकवून हात वाकडा करत मागे पोहोचावे लागते. नळीचा तो भाग पुढून काढता येईल अशी रचना करणे अवघड नव्हते. आराखडा संगणकाच्या पडद्यावर फिरवून पाहताना टाकी दिसत नाही, एवढेच त्याचे कारण असावे. टाकीत चुंबकाची गाळणी आणि दुसरी जाळी घातल्यापासून ओ-रिंग चार महिने टिकू लागला आहे.

पीएलसीतील बदल कारखान्याच्या माणसाने एका दिवसात केले. टरेटचा ड्राइव्ह स्वतंत्र असल्याने लेथचा जुना कंट्रोलर त्याला केवळ स्टेशनचा क्रमांक चार तारांवर पाठवतो; टी०१०१ लिहिले की पहिले स्टेशन येते, आमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एक अक्षरही बदलावे लागले नाही. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही, आणि ते चांगलेच आहे.

दुसऱ्या लेथचा टरेट अजून चालतो आहे, पण त्याच्या रोलरचा आवाज आता काकांना ऐकू येऊ लागला आहे. त्यासाठी मी याच कारखान्याकडे मागणी नोंदवली आहे. कपलिंग, तबकडी आणि घसरणारी जोडणी जशीच्या तशी हवी आहे. हवेची जोडणी व व्ही-रिंग पहिल्या दिवसापासून, कूलंटची नळी पुढून निघणारी, आणि पुस्तिकेत हायड्रॉलिकची आकृती, एवढे मागणीपत्रावर लिहून घेतले आहे. अभियंत्याने बाकी सगळे मान्य केले. नळीसाठी मात्र तो पुढच्या आठवड्यात येऊन आमच्या टाकीची मापे घेणार आहे.